कॅप्टन डायेट यांचा बँड

वॉल्टर डायेट 1931 साली शिकागोच्या वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये बँडमास्तर म्हणून रुजू झाले. 1935 साली शाळेची नवी इमारत उभी राहिली आणि ते तिकडे गेले. पुढच्याच वर्षी तिचं नाव डुसाबल हायस्कूल झालं. त्यानंतरची पंचवीसेक वर्षं ते तिथेच होते. नावामागचं ‘कॅप्टन’ शोभेचं नव्हतं. इलिनॉय नॅशनल गार्डच्या कृष्णवर्णीय आठव्या रेजिमेंटचा बँड त्यांनी सांभाळला होता. त्याआधी मूकपटांच्या जमान्यात व्हेंडोम थिएटरमधल्या अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिन वाजवत.

शाळेभोवतीची वस्ती ब्रॉन्झव्हिलची. दक्षिणेतल्या राज्यांमधून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरात इतरत्र घर मिळणं मुश्किल, म्हणून मजूर, डॉक्टर, नर्तक, वादक सगळे एकाच भागात दाटीने राहत. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरची रीगल थिएटरसारखी मैफलींची ठिकाणं शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. त्यामुळे वाद्य वाजवणं हा मुलांना छंदापेक्षा पोटापाण्याचा मार्ग वाटे.

कवायतीच्या बँडमध्ये एकाच वेळी पाऊल, श्वास आणि लय सांभाळावी लागते. शेजारचा ट्रॉम्बोन कितीही जोरात वाजो, क्लॅरिनेटवाल्याने आपला स्वर सोडायचा नाही. डायेट यांचा कान याबाबतीत जबर होता: सगळा बँड एकत्र वाजत असताना कोण चुकलं हे त्यांना नेमकं कळे, आणि त्या मुलाची सगळ्यांसमोर खरडपट्टी निघे. त्यांचा धाक मोठा होता. आजच्या शाळेत ही पद्धत चालली असती का, हा वेगळा प्रश्न. वाद्यांसाठी पैसे लागत. ते ‘हाय-जिंक्स’ या विद्यार्थ्यांच्या वार्षिक रंगमंचीय कार्यक्रमातून उभे राहत. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभं राहण्याची सवय मुलांना तिथेच लागे.

या तालमीतून निघालेली नावं एकमेकांसारखी नाहीत, आणि डायेट यांची खरी करामत तीच. गायक-पियानोवादक नॅट किंग कोल, गायिका डायना वॉशिंग्टन, सॅक्सोफोनवादक जीन अ‍ॅमन्स. सॅक्सोफोनवादक जॉनी ग्रिफिन 1945 साली शाळा सुटल्यावर तीनच दिवसांत लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमध्ये दाखल झाला. सॅक्सोफोनवादक एडी हॅरिसची ‘एक्झोडस’ची रेकॉर्ड 1961 साली तुफान खपली. जॉन गिलमोर आणि पॅट पॅट्रिक सन रा यांच्या भन्नाट प्रयोगशील ‘आर्केस्ट्रा’त गेले. शिस्त एकच, पण मास्तरांची नक्कल करणारा त्यांच्यात एकही नाही.

काहींनी पुढे स्वतः शिकवलं. कॉन्ट्राबास वाजवणारे रिचर्ड डेव्हिस 1977 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि जवळपास चार दशकं तिथे राहिले. सॅक्सोफोनवादक व्हॉन फ्रीमन शिकागोतच स्थिरावले. त्यांच्या खुल्या मैफलींत तरुण वादकांच्या कित्येक पिढ्या पहिल्यांदा थरथरत उभ्या राहिल्या.

डायेट 1969 साली वारले. पुढे शहराने एका शाळेला त्यांचं नाव दिलं. ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय 2012 साली झाला, तेव्हा वस्ती खवळली. 2015 साली पालक आणि रहिवाशांनी ती वाचवण्यासाठी 34 दिवस उपोषण केलं. 2016मध्ये शाळा पुन्हा उघडली, ती कलाशिक्षणाची शाळा म्हणून.