लडाखच्या सरोवरांकडे सायकलवरून

खंडाळ्याचा घाट सायकलवरून चढून आलेल्या मनुष्यास आपल्या पायांविषयीं थोडासा अभिमान वाटूं लागतो, आणि तो अवाजवी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या मार्गाविषयीं मी आज बोलणार आहें, त्या मार्गावर हा अभिमान लेहच्या वेशीवरच उतरवून ठेवावा लागतो. तेथें कसोटी लागते ती पायांची नव्हे, धीराची.

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. त्यावर दुसरें कळसूबाई रचलें तरी लेह शहर त्याच्याही वर, सुमारें ३,५०० मीटरांवर, राहतें. याच मार्गावरील टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरांवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. तिकडच्या भाषेंत ‘ला’ म्हणजे खिंड आणि ‘त्सो’ म्हणजे सरोवर. हे दोन शब्द ध्यानांत ठेवले कीं नकाशा निम्मा समजला.

लडाखच्या आग्नेय भागांत चांगथांग नांवाचें विस्तीर्ण पठार आहे. त्यावरील त्सो मोरीरी आणि त्सो कार या दोन सरोवरांस वळसा घालून लेहला परत येणारा रस्ता सायकलस्वारांस फार प्रिय आहे. लेहहून सिंधु नदीच्या कांठानें सुमारें ५० किलोमीटरांवर उपशी हें गांव लागतें. येथें रस्ता दुभंगतो. एक फांटा ग्याच्या खोऱ्यांतून रुमत्सेवरून टांगलांग ला चढतो व पलीकडे त्सो कारपाशीं उतरतो. दुसरा फांटा सिंधूचा कांठ न सोडतां चुमाथांगवरून माहेच्या पुलाकडे जातो. दोन्ही फांटे पुढें सुमदो येथें एकमेकांस मिळतात, आणि तेथूनच त्सो मोरीरीची वाट निघते. म्हणजे हें एक कडें आहे. त्यांत कोणत्याही बाजूनें शिरतां येतें.

नवशिक्याला वाटतें कीं कोणत्याही बाजूनें गेलें तरी सारखेंच. परंतु तें सारखें नाहीं, आणि ही चूक जिवावर बेतूं शकते. टांगलांगच्या बाजूनें गेल्यास पहिला मुक्काम उपशीला, सुमारें ३,४०० मीटरांवर. दुसरा रुमत्सेला, चार हजारांच्याही वर. आणि तिसऱ्या दिवशीं एकदम ५,३२८ मीटरांची खिंड. विरळ हवेस शरीर सरावतें, पण सावकाश. श्वास जलद होतो, रक्तांतील पाण्याचें व तांबड्या पेशींचें प्रमाण बदलतें, आणि या घडामोडींस दिवस लागतात. म्हणून वैद्यकशास्त्राचा साधारण नियम असा कीं, तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोंपण्याची जागा एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक चढवूं नये आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस पूर्ण विसांवा घ्यावा. दिवसा किती चढलों यापेक्षां रात्रीं कोठें झोंपलों याला येथें महत्त्व अधिक.

सिंधूच्या कांठचा रस्ता हा नियम जणूं आपणच पाळतो. नदीचा उतार सौम्य, म्हणून रस्त्याचा चढही सौम्य. चुमाथांगला, जेथें नदीकांठींच उष्ण पाण्याचे झरे आहेत, आपण सुमारें चार हजार मीटरांवर असतों. माहे त्याहून थोडें वर. आणि त्सो मोरीरीच्या कांठचें कोरझोक साडेचार हजारांच्या वर. एवढी उंची अंगवळणी पडल्यावर मग त्सो कार, आणि सर्वांत शेवटीं टांगलांग. तेव्हां लेहमध्यें निदान तीन दिवस स्वस्थ राहावें, नंतर सिंधूच्या वाटेनें आंत जावें व खिंडीच्या वाटेनें बाहेर यावें, हाच क्रम शहाणपणाचा.

डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न येणें हीं पहिलीं लक्षणें दिसतांच पुढें चढूं नये. तोल जाऊं लागला किंवा बसल्या जागीं धाप लागली तर क्षणाचाही विलंब न करतां खालीं उतरावें. उतरणें हाच त्यावरचा मुख्य उपाय. औषधें घ्यावयाचीं तीं घरून निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारून. बरोबरच्या मंडळींचा बेत बिघडेल या भिडेनें दुखणें लपविणारा मनुष्य मंडळींस अधिकच संकटांत लोटतो.

दिवसाचा क्रमही तेथील निसर्गच ठरवून देतो. जून ते सप्टेंबर हा प्रवासाचा काल. दुपारनंतर मोकळ्या मैदानांत वारा असा सुटतो कीं सपाट रस्ताही घाटासारखा भासतो. आणि उन्हानें बर्फ वितळून पहांटे घोट्याइतके असलेले ओढे सायंकाळीं गुडघ्यापर्यंत चढतात. म्हणून तांबडफुटीला निघावें व दोन प्रहरीं मुक्काम गांठावा. रस्ता कोठें डांबरी, कोठें खडीचा. त्यामुळें जाड टायर, चढाचे हलके गिअर, जास्तीच्या ट्यूबा व तारा जवळ असाव्यात. उपशीच्या पुढें सायकलदुरुस्तीच्या दुकानाचा भरंवसा धरूं नये. दिवसभराचें पिण्याचें पाणीही भरून घ्यावें. कारण समोर सरोवर पसरलेलें असलें तरी त्याचें पाणी पिण्याजोगें नसतें.

तें कां, हें समजून घेण्याजोगें आहे. लेहला वर्षाकांठीं सुमारें १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोंकणांत एखाद्या दिवसांतच तेवढा पडून जातो. अशा कोरड्या प्रदेशांत सरोवरें भरतात तीं वितळलेल्या बर्फानें. डोंगरांनीं चोहोंकडून वेढलेल्या खोलगटांत पाणी येतें, पण त्यास बाहेर जावयास वाट नसते. तें केवळ वाफ होऊन उडतें आणि बरोबर आणलेले क्षार मागें ठेवतें. ‘त्सो कार’ म्हणजे पांढरें सरोवर. त्याच्या कांठावरील मिठाच्या पापुद्र्यानेंच त्यास हें नांव मिळालें. पूर्वीं चांगपा मेंढपाळ हें मीठ गोळा करून दूरवर नेऊन विकीत. सभोंवारच्या डोंगरउतारांवर पाण्याच्या जुन्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात. एके काळीं हें सरोवर केवढें मोठें होतें याची ती साक्ष.

या खाऱ्या सरोवराच्या दक्षिणेस स्तार्त्सापुक त्सो नांवाचें लहान सरोवर आहे. त्याचें जादा पाणी त्सो कारमध्यें वाहून जातें, म्हणून क्षार तेथें सांचत नाहींत व पाणी गोडें राहतें. जवळजवळच्या दोन सरोवरांपैकीं एक खारट आणि एक गोडें, हा फरक केवळ बाहेर जाण्याच्या वाटेनें घडविला आहे. गोड्या पाण्याभोंवतीं लव्हाळ्यांचीं व गवताचीं हिरवीं पाणथळें पसरलीं आहेत. पाणथळांच्या रक्षणासाठीं १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. त्या कराराच्या यादींत त्सो मोरीरीचा समावेश २००२ सालीं आणि त्सो कारचा २०२० सालीं झाला.

या पाणथळांत काळ्या मानेचा क्रौंच घरटें करतो. जगांतील पंधरा जातींच्या क्रौंचांपैकीं शास्त्रज्ञांस सर्वांत शेवटीं, १८७६ सालीं, परिचित झालेला हा पक्षी. भारतांत त्याची वीण लडाखमध्येंच होते. दलदलीतील एखाद्या उंचवट्यावर जमिनीवरच घरटें, आणि त्यांत बहुधा दोन अंडीं. मनुष्य जवळ आला कीं पक्षी उठतो. आणि अंडीं उघडीं पडलीं कीं भटकीं कुत्रीं किंवा थंडी आपलें काम करतात. तेथेंच पट्टकादंबही पिलें वाढवितो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा करडा हंस आपणांस परका नाहीं. हिवाळ्यांत जायकवाडी व उजनीच्या जलाशयांवर त्याचे थवे उतरतात. लडाख, तिबेट, मंगोलिया येथील उंच सरोवरें हें त्याचें माहेर.

आणि येथेंच सायकलस्वाराला मोह पडतो. दिवसभर खडीवर हाडें खिळखिळीं झालेलीं असतात, आणि रस्त्यालगत मऊ हिरवळ पाण्यापर्यंत पसरलेली दिसते. सायकलला धूर नाहीं, आवाज नाहीं. तिनें कोणाचें काय बिघडणार? परंतु ती हिरवळ म्हणजे गालिचा नव्हे, ती पाण्यानें भरलेली, मुळांनीं विणलेली पातळ साल आहे. चाकानें ती चिरली कीं त्या खांचेंतून पाणी वाहून जाऊं लागतें व बाजूचें गवत सुकतें. वर्षांतील दोन-तीन महिनेच जेथें गवत वाढतें, तेथें एका दुपारची खांच बुजावयास वर्षें लागतात. शिवाय चांगपांच्या पश्मिना शेळ्यांचें व याकांचें पोट याच कुरणांवर भरतें. म्हणून रस्ता सोडूं नये, तंबू कोरड्या खडकाळ जागेवर ठोकावा, आणि पक्षी पाहावयाचे ते रस्त्यावरूनच दुर्बिणीनें. कियांग नांवाचीं रानगाढवें कळपानें रस्त्याशेजारून धांवूं लागलीं तर आपण थांबावें. त्यांच्याशीं शर्यत लावूं नये.

कोरझोकहून परत सुमदो, तेथून पुगाचीं वाफाळणारीं उष्णकुंडें, मग सुमारें पांच हजार मीटरांची पोलो कोंका खिंड आणि त्सो कार, असा क्रम लागतो. त्सो कारहून एक सकाळ टांगलांगच्या चढासाठीं राखावी. आठवडाभर अंगांत मुरलेली उंची त्या दिवशीं उपयोगी पडते. आरंभीं जी खिंड घातक ठरली असती, ती आतां केवळ कष्टाची राहते. माथ्यावर चार क्षण विसांवा घेऊन उतरावें, फार रेंगाळूं नये. खालीं रुमत्सेला सातूचीं शेतें दिसूं लागतात, श्वास मोकळा होतो, आणि उपशीला सिंधु पुन्हां भेटते. निघण्यापूर्वीं परवान्यांचे नियम लेहमध्यें विचारून घ्यावे, कारण ते बदलत असतात. दहा दिवसांची सवड काढतां येत नसेल, तर हा बेत पुढच्या वर्षावर टाकावा. सरोवरें वाट पाहतील, परंतु शरीराची घाई तेथील हवा ऐकून घेणार नाहीं.