टच स्क्रीन की बटणं? कॅमेऱ्यावर पैसे टाकण्याआधी एवढं वाचा

कॅमेरा खरेदीच्या व्हिडिओत बजेट, लेन्स आणि लाइट यांवर बोलले, पण एक मुद्दा वेळेअभावी राहिला. आणि गंमत म्हणजे दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक नवा फोटोग्राफर काउंटरवर पहिल्यांदा तोच काढतो. "मॅडम, टचवाला घेऊ की बटणवाला?"

प्रश्न छोटा वाटतो, पण छोटा नाही. तुम्ही हौसेसाठी नाही, धंद्यासाठी घेताय. बऱ्याचदा हप्त्यावर घेताय. सीझनमध्ये ही वस्तू दिवसाचे आठ-दहा तास हातात राहणार. मेगापिक्सेल रोज जाणवत नाहीत, बटण रोज जाणवतं.

आधी एक गैरसमज काढू. टच म्हणजे नवं आणि बटण म्हणजे जुनं, असं काही नाही. सोनीच्या सायबर-शॉट टी५० ला २००६ मध्येच टच स्क्रीन होती. निकॉनने २००८ मध्ये कूलपिक्स एस६० काढला, त्यात शटरसारख्या दोन-चार गोष्टी सोडल्या तर बाकी सगळा कारभार ३.५ इंची स्क्रीनवर. डीएसएलआरमध्ये टच आणला कॅननने, २०१२ च्या ईओएस ६५०डी मध्ये. मग २०१४ मध्ये लायकाने टी नावाचा मॉडेल काढला, मागे जवळपास नुसतीच काच. पण वर दोन डायल त्यांनीसुद्धा ठेवले, हे लक्षात घ्या.

सगळ्यात बोलका किस्सा कॅननचाच. २०१८ च्या ईओएस आर मध्ये मागे, अंगठ्याच्या जागी, एक टच पट्टी दिली होती. बोट सरकवायचं आणि सेटिंग बदलायचं. ऐकायला भारी! वापरणाऱ्यांना ती पटली नाही. चुकून अंगठा लागायचा आणि काहीतरी बदलायचं. २०२० मध्ये आर५ आणि आर६ आले तेव्हा पट्टी गायब, आणि तिथे जॉयस्टिक हजर. एवढी मोठी कंपनी दोन वर्षांत मागे फिरली.

आता लग्नाचं बघा. अंतरपाट धरलाय, शेवटचं मंगलाष्टक चाललंय, अक्षता पडायला लागल्यात, अंतरपाट खाली येणार. नवरा-नवरीने एकमेकांकडे बघायचा क्षण दोन-तीन सेकंदांचा. त्यात वरून हॅलोजन, मागून व्हिडिओवाल्याचा लाइट. तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला असतो. अशा वेळी फोकस पॉइंट किंवा आयएसओ बदलायचं असेल तर स्क्रीन बघायला डोळा काढणार? बटणाला उंचवटा असतो, डायलला खाच असते, तीन टकटक म्हणजे किती स्टॉप ते बोटाला कळतं. काच सगळीकडे सारखीच लागते. गुरुजी पुन्हा अंतरपाट धरणार नाहीत, आणि पार्टीला तोच फोटो हवा असतो.

हळदीला तर वेगळीच मजा. हल्लीच्या टच स्क्रीन बोटाच्या स्पर्शाने काचेवरच्या विद्युतभारात होणारा बारीक बदल ओळखतात. बोटाला पाणी, घाम, तेल, ओली हळद असली की स्क्रीन गोंधळते. एकतर ऐकत नाही, नाहीतर दाबलंच नाही तेही करते. मे महिन्यात बारा वाजताच्या उन्हात मैदानावर प्री-वेडिंग करणाऱ्यांना विचारा, स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो! बटणाला ऊन लागत नाही.

(जाता जाता: हा वाद फक्त कॅमेऱ्याचा नाही. २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जॉन एस. मॅकेन या युद्धनौकेची सिंगापूरजवळ एका टँकरशी टक्कर झाली, दहा खलाशी गेले. चौकशीत कारणं बरीच निघाली, पण त्यात नौकेच्या टच स्क्रीन कंट्रोलवरही बोट ठेवलं गेलं. नंतर नौदलाने हाताने ढकलायचे थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं.)

मग टच बिनकामाचा? अजिबात नाही. तुमचं काम प्रॉडक्ट फोटोग्राफीचं असेल, दागिने, साड्या, मसाल्याची पाकिटं, क्लाउड किचनची थाळी, तर मी डोळे झाकून टच घ्यायला सांगेन. कॅमेरा ट्रायपॉडवर, वस्तू टेबलावर. नथीच्या मधल्या मोत्यावर बोट ठेवलं की फोकस तिथे. फोटो काढला की दोन बोटांनी मोठा करून लगेच तपासायचा. बटणांनी हेच करायला चारपट दाबादाबी. व्हिडिओतही तसंच. कॅननने २०१३ च्या ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आणला तेव्हापासून, स्क्रीनवर बोट टेकवा, फोकस हळूच एका माणसावरून दुसऱ्यावर जातो. शिवाय डायलची टकटक कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येते, काचेचा आवाज येत नाही. यूट्यूब किंवा रील्सचं काम घेणाऱ्यांनो, हे लिहून ठेवा.

फक्त बॅटरीचा हिशोब धरा. डीएसएलआरवर स्क्रीन बघून शूट करणं म्हणजे बॅटरी पिणं. कॅननच्या २००डी मार्क २ चे कंपनीचेच आकडे आहेत: व्ह्यूफाइंडरने सुमारे १०७० फोटो, स्क्रीनवर बघून सुमारे ३२०. म्हणजे जादा बॅटऱ्यांचा खर्च कोटेशनमध्ये हवा.

खोक्यावर ‘टच स्क्रीन’ लिहिलेलं बघून भुलू नका. सोनीचे ए७ मार्क ३ आणि झेडव्ही-ई१० हे दोन्ही टचवाले आहेत, पण त्यात टच मुख्यतः फोकस ठरवण्यापुरता. मेनू उघडलात की बटणंच. फोनसारखं सगळं बोटाने चालेल म्हणून घेणारा इथे फसतो. दुकानात उभं राहून मेनूत बोट लावून बघायचं, बस. उलट कॅननच्या १५००डी ला टच नाहीच, तिथे निदान गैरसमज तरी होत नाही.

माझं मत विचाराल तर, लग्नाच्या कामासाठी टच आहे की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: डायल एक की दोन? १५००डी किंवा २००डी मार्क २ ला एकच डायल आहे. मॅन्युअल मोडमध्ये शटर स्पीड डायलने बदलतो, पण अॅपर्चर बदलायला एक बटण दाबून ठेवून तोच डायल फिरवावा लागतो. शिकताना चालतं, मांडवात हात गुंततो. कॅनन ८०डी, निकॉन डी७५०० यांना दोन डायल आहेत आणि टचही आहे. असा कॅमेरा सेकंड हँड मिळत असेल, तर नव्या कोऱ्या एका डायलवाल्यापेक्षा मी तोच घेईन. नवा वास दोन दिवस टिकतो.

कॅमेरा हातात कोण धरणार हेही धंद्याच्या अंगाने बघा. हाताखाली पोरगा ठेवणार असाल, तर फोनवर वाढलेली पोरं टच एका दिवसात उचलतात. बटणांना आठ-पंधरा दिवस द्यावे लागतात. इंग्रजी मेनूची अडचण असेल तर निकॉन डी५६०० सारख्या मॉडेलमध्ये मराठी मेनू आहे, भाषा बदलून द्या.

घरी आधीच टचवाला कॅमेरा असेल तर दोन सेटिंग आजच बघा. एक, टच शटर बंद ठेवा, नाहीतर गळ्यात अडकवलेला कॅमेरा पोटाला लागून फोटो काढत बसतो. दोन, व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर नाक स्क्रीनला टेकतं आणि फोकस पॉइंट कुठल्या कुठे जातो. काही मॉडेलमध्ये फक्त उजव्या भागातला टच चालू ठेवता येतो, नाहीतर सरळ बंद.

आणि सेकंड हँड घेताना घाई करायची नाही. प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा. डायल हळू फिरवा, एका टकटकीत दोन आकडे उडी मारत असतील तर तो झिजलाय. फोकसचा चौकोन बोटाने ओढत स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत नेऊन बघा, मध्येच कुठे अडकतोय का. फिरणारी स्क्रीन असेल तर ती उघडून, वळवून, मिटून बघा. फिरवताना चित्र लुकलुकत असेल तर बिजागरीतली केबल चाललीय. विकणारा म्हणेल, "अहो, एवढं काय बघताय?" बघू द्या म्हणावं. शक्य असेल तर तोच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्या आणि नातेवाइकांच्या एखाद्या बारशाला नाहीतर साखरपुड्याला फुकटात चालवून या.