विरार लोकलचा तडाखा, नागपूरची झुंज

बालमित्रांनो, शेजारच्या आळीशी मॅच असली की अंगात जरा जास्तच जोर येतो, हो ना? दूरच्या संघाकडून हरलं तर चालतं एकवेळ, पण शेजाऱ्यांकडून? छे! रोज तोंड दाखवायचं असतं ना!

आपल्या महाराष्ट्राची गंमत अशी की रणजी करंडकात एकाच राज्याचे तीन संघ खेळतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पण त्यांपैकी दोघांनी अंतिम सामन्यात समोरासमोर यायचं, हे फारच क्वचित घडतं. १९७१ साली मुंबई आणि महाराष्ट्र असे भिडले होते. त्यानंतर थेट मार्च २०२४! या वेळी वानखेडे स्टेडियमवर मुंबईसमोर उभा होता विदर्भ.

मुंबईच्या खात्यात तेव्हा ४१ अजिंक्यपदं होती. विदर्भ मात्र १९५७-५८ पासून खेळत होता आणि पहिला करंडक त्याला मिळाला तो २०१७-१८ मध्ये. म्हणजे साठ वर्षांनी! तेव्हा त्यांचे प्रशिक्षक कोण होते ठाऊक आहे? मुंबईकर चंद्रकांत पंडित. संघात होता वासिम जाफर, तोही मुंबईचाच. पुढच्याच हंगामात विदर्भाने मुंबईला एक डाव आणि १४५ धावांनी धूळ चारली. त्यात जाफरच्या धावा होत्या १७८! घरचाच माणूस शेजाऱ्यांकडून खेळला आणि भारी पडला. तेव्हापासून मुंबईला विदर्भाचा सामना सोपा उरला नाही.

आता अंतिम सामन्याकडे वळू. १० मार्चला मुंबईने फलंदाजी सुरू केली. सलामीला आला आपल्या विरारचा पृथ्वी शॉ. लहानपणी बॅटचं ओझं सांभाळत रोज लोकलने वांद्र्याला जाणारा मुलगा! त्याने ४६ धावा केल्या. बिनबाद ८१ अशी झकास सुरुवात झाली. आणि मग? पत्त्यांचा बंगला कोसळावा तसा डाव कोसळला. ६ बाद १११!

अशा वेळी मैदानात उतरला शार्दूल ठाकूर. तो पालघरजवळच्या माहीम गावचा. सरावासाठी पालघरहून मुंबई गाठायची म्हणजे विरार, वसई अशी स्टेशनं मागे टाकत जायचं. तो मुख्यतः गोलंदाज. पण उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ अशी दैना झाली असताना त्यानेच १०९ धावा ठोकल्या होत्या. इथेही तो घाबरला नाही. ६९ चेंडूंत ७५ धावा! मुंबई २२४ पर्यंत पोचली. विदर्भाचा डाव मात्र १०५ धावांतच आटोपला.

दुसऱ्या डावात एकोणीस वर्षांच्या मुशीर खानने १३६ धावा केल्या. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक करणारा तो मुंबईचा सर्वांत लहान फलंदाज ठरला. आधी हा मान होता सचिन तेंडुलकरचा. मुंबईच्या ४१८ धावा झाल्या आणि विदर्भासमोर लक्ष्य आलं ५३८ धावांचं.

संपला सामना? कुठला हो! करुण नायरने ७४ धावा काढल्या. पाचव्या दिवशी सकाळी धावफलक होता ५ बाद २४८. कर्णधार अक्षय वाडकर आणि तरुण हर्ष दुबे असे काही चिकटले, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुंबईला एकही बळी मिळाला नाही. दोघांनी मिळून १३० धावा जोडल्या. वाडकरचं शतक झालं. मुंबईच्या पाठीराख्यांच्या छातीत धडधड सुरू झाली.

सुट्टीनंतर तनुष कोटियनने वाडकरला १०२ वर पायचीत केलं आणि बांध फुटला. शेवटचे पाच गडी अवघ्या १५ धावांत गेले. अखेरचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीच्या हाती कर्णधार अजिंक्य रहाणेने चेंडू दिला. त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. विदर्भ सर्वबाद ३६८! मुंबई १६९ धावांनी विजयी. आठ वर्षांनी आलेला हा बेचाळिसावा करंडक!

विदर्भाचे खेळाडू काय करत बसले असतील? रडत? मुळीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुढच्याच हंगामात, उपांत्य सामन्यात मुंबई पुन्हा समोर आली, तीही नागपुरात. विदर्भाने ८० धावांनी बाजी मारली आणि पुढे करंडकही जिंकला. त्यांचा तिसरा! मुंबईत पाचव्या दिवशी चिवटपणे लढलेला हर्ष दुबे त्या हंगामात रणजीतला सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला.

म्हणून सांगते, उद्या गोखिवऱ्याच्या मैदानावर शेजारच्या संघाकडून हरलात, तर बॅट आपटून घरी पळू नका. त्यांच्याशी हात मिळवा आणि पुढच्या मॅचची तारीख तिथल्या तिथे ठरवून टाका. आणि हो, आठव्या-नवव्या क्रमांकावर पाठवलं म्हणून रुसूही नका बरं का! ६ बाद १११ झाल्यावर कोणाची गरज लागते, ते शार्दूलला विचारा!