पात्याला पाणी कोणी दिले, ते विचारा

२०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड बघून नोंद ठेवायला सांगितले. तेव्हापासून शहराला कोयता भेटतो तो बहुतेक गुन्हेगारीच्या बातम्यांतच. शहाळेवाला, ऊसतोड मजूर, कोकणातला बागायतदार यांचे हे रोजचे हत्यार अशा रीतीने बदनाम झालेले पाहून वाईट वाटते. म्हणूनच कसबा पेठेतल्या एका तरुण वाचकाचे पत्र वाचून आनंद झाला. तो सह्याद्रीत भटकतो. त्याच्याकडे आजोबांची कोयती आहे, गावच्या लोहाराने घडवलेली. बरोबरचे मित्र म्हणतात, ती घरी ठेव आणि स्टेनलेसचा परदेशी चाकू घे. त्याचा प्रश्न सरळ आहे : हाताने घडवलेले पाते आजच्या कारखान्यातल्या पात्यापुढे खरोखर टिकते, की आपण ते केवळ मायेपोटी जपतो?

उत्तरही सरळ आहे. फांदी छाटायला, बांबू फोडायला, शहाळे तासायला ते टिकते, आणि चांगले टिकते. दिवसभर दोर कापायचा असेल किंवा भर पावसाळ्यात पाते ओलेच म्यानात ठेवायचे असेल, तर टिकत नाही. पण ते का टिकते, याचे जे कारण सर्वत्र सांगितले जाते ते चुकीचे आहे. ते नीट समजून घ्यायचे तर पत्रलेखकाला पेठेबाहेर पडायचीही गरज नाही. त्याने तांबट आळीत जाऊन उभे राहावे.

पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. तांब्याचा पत्रा हातोडीने मठारला की तो कडक होत जातो. धातूच्या स्फटिकांतल्या अणूंच्या रांगा प्रत्येक घावासरशी सरकतात, एकमेकींत अडकतात आणि पुढे सरकायला जागा उरत नाही. एका मर्यादेनंतर पत्रा हातोडीला दाद देत नाही. तसाच ठोकत राहिले तर चिरतो. मग तांबट ते भांडे भट्टीत धरून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो, वरची काळी खपली सुटते आणि बाहेर येते ते मऊ, पुन्हा ठोकायला तयार झालेले तांबे.

आता एखाद्या घिसाडी लोहाराच्या पालापुढे जा. भात्याच्या वाऱ्यावर फुललेल्या कोळशात कोयत्याचे पाते लाल होते. सांडशीत धरून तो ते पाण्यात घालतो. तोच विस्तव, तेच पाणी, तोच चर्र आवाज. पण बाहेर येते ते इतके कडक पोलाद, की दगडावर आपटले तर तुकडा उडावा. एकच कृती एका धातूला मऊ करते आणि दुसऱ्याला काचेसारखी ठिसूळ करते. धातुशास्त्रात याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही, आणि आपल्याकडे तो अजूनही उघड्यावर, तिकिटाशिवाय बघायला मिळतो.

भेद आहे कार्बनचा. ७२७ अंशांच्या वर लोखंडातल्या अणूंची मांडणी बदलते. त्या मांडणीत कार्बनला भरपूर जागा असते, अगदी २ टक्क्यांपर्यंत. थंड लोखंडाच्या मांडणीत ती जागा जेमतेम ०.०२ टक्के. सावकाश निवू दिले तर जास्तीचा कार्बन बाहेर पडून वेगळा बसतो. पण पाण्यात एकदम बुडवले तर त्याची गत संध्याकाळच्या पीएमपी बसमधल्या उतारूंसारखी होते : थांबा आला, पण उतरण्याआधीच दार बंद झाले. अडकलेले कार्बनचे अणू मांडणीला आतून ताणून धरतात. त्या ताणातूनच पोलादाचा कडकपणा येतो. तांब्यात असले उतारूच नसतात. तापवल्यावर त्याच्यातल्या अडकलेल्या रांगा मोकळ्या होतात, एवढेच.

हे ध्यानात आले की हातघडणीच्या पात्यांभोवतीचे सर्वांत मोठे मिथक गळून पडते. ‘ठोकून ठोकून पोलादाचे कण घट्ट बसवले आहेत, म्हणून धार टिकते,’ असे दुकानदारही सांगतात आणि महागड्या चाकूंच्या जाहिरातीही. तांब्याच्या थंड पत्र्याबाबत घणाने कडकपणा येतो हे खरे. लाल तापलेल्या पोलादावर मात्र घणाचा तो परिणाम टिकतच नाही. धातू तापलेला असतानाच अडकलेल्या रांगा सुटत जातात. घनताही वाढत नाही. घण काम करतो ते आकाराचे : पाठ जाड, धारेकडे पाते पातळ, टोकाकडे किंचित जड, म्हणजे घाव आपसूक खोल जातो. हे काम कमी मोलाचे नाही. घिसाड्यांच्या कुटुंबात बहुधा बाईच घण उचलते आणि पुरुष सांडशी फिरवत घाव कुठे पडायचा ते ठरवतो. त्या दोघांच्या तालातून आलेला आकार पट्टीतून कापून काढलेल्या सपाट पात्याला सहसा येत नाही. पण धार टिकेल की नाही, हे त्या तासाभराच्या ठोकाठोकीत ठरत नाही. ते पाणी देतानाच्या काही सेकंदांत ठरते.

दुसरा गैरसमज म्हणजे पाते जितके कडक तितके चांगले. खिशातला प्रसिद्ध लाल स्विस चाकू घ्या. त्याच्या पात्याची कडकता रॉकवेल मापावर ५५-५६ भरते. आजची महागडी पाती ६०-६२ च्या घरात असतात. स्विस मंडळींना अधिक कडक पाते करता येत नाही असे नाही. त्यांनी ते मुद्दाम तिथे ठेवले आहे, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला धार कोणत्याही साध्या दगडावर परत आणता आली पाहिजे. आपले लोहार कोयत्यासाठी ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात, तेही असेच चिवट पोलाद. ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि थोडे सिलिकॉन-मँगॅनीज किंवा क्रोमियम असलेले हे पोलाद हजारो खड्ड्यांवर वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच जन्माला आलेले आहे. छाटणीच्या हत्याराला हाच चिवटपणा लागतो. नेपाळचे कामी लोहारही खुकरीला हेच पाटे वापरतात आणि लाल पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी ओततात. धार कडक, पाठ चिवट. एका किटलीत केवढे शहाणपण आहे!

कडकपणाच धार टिकवत असता, तर दाढीचे पाते बोथट झालेच नसते. केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ. तरी पाते जाते. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. केस वाकून तिरपा पडला, आणि नेमक्या तिथे पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर धारेचा बारीकसा कपचा उडतो. म्हणजे पाते झिजण्याआधीच तुटत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या तुकड्यांनी. केसाने हे होते, तर करवंदीच्या वाळल्या खोडावर काय होत असेल याचा अंदाज करा.

आता थोडे रागाने लिहितो. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी एका जुन्या दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनलिका दिसल्याचे लिहिले. झाले, तेव्हापासून ‘आपल्या पूर्वजांकडे नॅनो तंत्रज्ञान होते’ हे वाक्य थांबायला तयार नाही, आणि त्याच्या आधाराने नक्षीदार ‘दमास्कस’ चाकू विकले जातात. एका तलवारीतल्या निरीक्षणावर एवढा इमला उभारता येत नाही, आणि त्या नलिकांमुळे तलवार जास्त कापते असे तर कोणीही दाखवलेले नाही.

खरी गोष्ट याहून कितीतरी रंजक आहे आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. हेलेनस स्कॉट हा कंपनी सरकारचा मुंबईतला डॉक्टर. १७९० च्या दशकात तो लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना पत्रे लिहीत असे. इथले वैद्य तुटलेले नाक पुन्हा कसे जोडतात, हे त्याने कळवले. त्याच पत्रव्यवहारातून स्कॉटने ‘वुट्झ’ म्हणजे दमास्कस तलवारींना लागणाऱ्या, दक्षिणेतल्या मुशीत वितळवलेल्या पोलादाचे नमुनेही धाडले. तिकडे जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-कात्र्या करणाऱ्या कारागिराला त्याचे वेड लागले. त्याच्या जोडीला आला लोहाराचा मुलगा, मायकेल फॅरडे.

विजेच्या फॅरडेला सगळे ओळखतात, पोलादाच्या फॅरडेला कोणी नाही. वुट्झचे रहस्य शोधायला त्याने १८१९ पासून पाच वर्षे भट्टीपुढे घालवली. रहस्य ॲल्युमिनात आहे असा त्याचा कयास चुकला. पण वुट्झची नक्कल करण्याच्या नादात त्याने पोलादात निकेल, चांदी, प्लॅटिनम, क्रोमियम एकेक करून मिसळून पाहिले. मिश्र पोलादाचा एवढा पद्धतशीर अभ्यास त्याआधी कोणी केला नव्हता. त्या पोलादाचे वस्तरे तो मित्रांना भेट देई. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि काम थांबले. फॅरडेचे ७९ नमुने एका लाकडी पेटीत पडून राहिले, ते १९३१ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने बाहेर काढून तपासले. फॅरडेच्याच काळात, १८२१ मध्ये, फ्रान्सच्या पिएर बर्तिएने क्रोमियमयुक्त लोखंडाला आम्ल फारसे खात नाही हे पाहून त्याच्या सुऱ्या कराव्यात असे सुचवले होते. शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीने गंज न चढणारे पोलाद ओतले ते १९१३ मध्ये, ९२ वर्षांनी. मित्रांनी सुचवलेल्या त्या परदेशी चाकूच्या पूर्वजांत आपल्या दक्षिणेच्या मुशीचाही वाटा आहे, असे म्हणायला मला मुळीच संकोच वाटत नाही. आणि ती मूस पुण्याला परकी नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या उत्खननात मिळालेल्या प्राचीन लोखंडी वस्तूंची वसंत शिंदे आणि कोरियाचे जांग-सिक पार्क यांनी तपासणी केली, तेव्हा त्यांतही मुशीतले पोलाद ओळखता आले.

मग जुने आणि नवे समोरासमोर उभे करून कोणी पाहिले आहे का? पाहिले आहे. आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि फ्लोरिडाचा लोहार आल्फ्रेड पेंड्रे या जोडीने. दमास्कसची नक्षी खनिजातल्या अत्यल्प व्हॅनेडियममुळे उमटते, हे त्यांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यासाठीची पाती पेंड्रेने स्वतः घडवली होती. २००८ मध्ये त्यांनी वुट्झ, साधी कार्बन पोलादे आणि दाढीच्या पात्यांसाठीचे स्वीडिश स्टेनलेस यांच्या सुऱ्या यंत्रावर कापायला लावल्या. वाळू मिसळलेल्या कागदाच्या गड्ड्यात पाते ठरावीक दाबाने मागेपुढे होते आणि किती कागद कापला गेला ते मोजतात. कडकता ६१ ठेवली तेव्हा स्टेनलेस किंचित सरस ठरले. ४१ ठेवली तेव्हा वुट्झने बाजी मारली. पोलाद तेच, पाणी बदलले आणि निकाल उलटला.

नव्या पोलादांचे मोल मी कमी करत नाही. वितळलेल्या धातूचा फवारा उडवून भुकटी करायची आणि ती दाबून भाजायची, ही १९७० च्या दशकातली युक्ती अफाट आहे. तिच्यामुळे व्हॅनेडियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण पात्यात सारखे पसरतात आणि पाते आठवडेच्या आठवडे कापत राहते. पण हे कण कुरुंदाच्या दगडापेक्षा कठीण असतात. धार गेली की साधी सहाण त्यांच्यापुढे हात टेकते, हिऱ्याची पट्टी लागते. कोयत्याला कानस पुरते. उसाच्या फडात मजूर दोन मोळ्यांच्या मधे कानशीचे चार हात मारून पुढे चालू लागतो. त्याच्या हातात ६२ कडकतेचे पाते दिले तर कानस नुसती घसरेल. शिवाय धारेचा कोन काही अंशांनी बदलला तर जो फरक पडतो, तो पुष्कळदा महाग पोलाद घेऊनही पडत नाही, असे लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाच्या चाचण्या सांगतात.

हातघडणीची खरी उणीव दुसरीच आहे. कारखान्यातली भट्टी अंश मोजते, लोहार रंग बघतो. पाणी दिल्यावर पाते पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा काढायचा असतो. तेव्हा त्यावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची जाडी तापमान सांगते : सुमारे २२० अंशांना वाळक्या गवताचा पिवळा, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. मुरलेला डोळा हे अचूक ओळखतो, पण भर उन्हात सगळेच रंग फसवतात. घाईत ही दुसरी तापवणी गाळली तर कोयत्याच्या धारेचे दात पडतात. कमानीचे पाते अख्खे पाण्यात बुडवले तर बारीक चीर जाऊ शकते. त्याला तेल हवे. म्हणून एकाच लोहाराचे दोन कोयते भावांसारखे निघतात, एक गुणी तर दुसरा बिनभरवशाचा.

ही उणीव दूर करायला फार थोडे लागते. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचे थांबते. पाणी देण्याची वेळ जवळ आल्याची खूण पाच-दहा रुपयांचा चुंबक देतो. तेलाचा एक डबा आणि दुसऱ्या तापवणीसाठी साधी विजेची भट्टी, ज्यात अंश दिसतात. कसब्यातून शिवाजी पूल ओलांडला की पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तिथे धातुशास्त्राचा विभाग आहे आणि कडकता मोजायचे यंत्रही. पुणे जिल्ह्यातल्या लोहारांचे शंभर कोयते आणून प्रत्येकाच्या धारेची, पाठीची कडकता मोजावी, कोणते तेलात निवले आणि कोणते पाण्यात हे लिहावे, उत्तम निघालेल्या पात्यांची रीत बाकीच्यांना परत जाऊन दाखवावी. विद्यार्थ्यांना वर्षभराचा प्रकल्प पुरेल. निबंध छापताना पेंड्रेचे नाव जसे व्हरहोवनच्या शेजारी छापले गेले, तसे घिसाडी जोडप्याचे नावही लेखकांत छापावे. घण मारणाऱ्या बाईचेसुद्धा.