तिथीची पाऊणपट आणि खाडीतली काठी

भरतीची वेळ काढण्याचे आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित तिथीचे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. पालघर तालुक्यात बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राकाठी वसलेल्या दांडीसारख्या मच्छीमार गावात हे गणित मुलांच्या कानावर फार लवकर पडते. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला छंद म्हणून याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण. उत्तर बरोबर की चूक, हे समुद्र दिवसातून दोनदा स्वतःच दाखवतो.

छंदाची सुरुवात या सूत्राचा अर्थ लावण्यापासून होते. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. 15 तिथींत ती 12 तास सरकते, म्हणजे एका तिथीमागे 48 मिनिटे. तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून 48 ऐवजी पाऊण तास धरला जातो. त्यामुळे पौर्णिमेला सूत्र 11:15 ही वेळ सांगते आणि पुढच्या प्रतिपदेला एकदम 12:45. तिथीमागे तीन मिनिटे अशी साठत गेलेली उधारी पंधरवड्याच्या शेवटी एका दमात चुकती होते. पायथनमध्ये हे सूत्र चार ओळींत बसते. मात्र ते लिहून झाल्यावर ज्याला खाडीवर जाऊन पाणी पाहावेसे वाटते, त्याचाच पुढे छंद होतो.

पाणी मोजायला पहिल्यांदा हात जातो तो आर्डुइनो आणि अल्ट्रासॉनिक सेन्सरकडे. सेन्सर खाली आवाजाची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढता येते. बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त सेन्सरची पोच 4 मीटरपर्यंत असते, तर या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी सुमारे 5 मीटर चढते-उतरते. ओहोटीचे पाणी सेन्सरच्या हद्दीबाहेर निघून जाते. शिवाय हवेतला आवाजाचा वेग 20 अंश तापमानाला सेकंदाला 343 मीटर असतो, तो 35 अंशांना सुमारे 352 मीटर होतो. हा फरक धरला नाही तर 3 मीटर अंतरात 8 सेंटिमीटरची चूक येते. मग बांबूच्या काठीवर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करून ती धक्क्याच्या खांबाला घट्ट बांधायची आणि दर अर्ध्या तासाने वाचायची, हा साधा मार्ग उरतो. लाटेने पाणी हलत असते, म्हणून मिनिटभर पाहून वरची आणि खालची पातळी घ्यायची व त्यांचा मध्य वहीत लिहायचा. पूर्ण ओहोटीला काठीच्या बुडाशी चिखल उघडा पडतो, तेव्हा ती जागा कोरी सोडायची. अंदाजाने आकडा भरला तर पुढचे सगळे गणित बिघडते. कोरी जागा कोरीच ठेवण्याची ही सवय वर्गात शिकवून लागत नाही.

वहीतल्या आकड्यांवरून भरतीचे भाकीत करण्याची रीत दीडशे वर्षांची आहे. भरती ही अनेक तालांची बेरीज मानली जाते. चंद्राचा मुख्य ताल 12.42 तासांचा, सूर्याचा 12 तासांचा. त्यांच्या जोडीला दिवसातून एकदाच येणारे 23.93 आणि 25.82 तासांचे ताल. पहिले दोन ताल दर 14.77 दिवसांनी पावलाशी पाऊल मिळवतात, तेव्हा उधाण येते. ते एकमेकांविरुद्ध गेले की भांग लागते. प्रत्येक ताल किती उंचीचा आणि केव्हा सुरू होणारा, हे त्या त्या खाडीचे स्वतःचे असते आणि नोंदीतूनच काढावे लागते. मुंबईहून उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जावे तसा भरतीचा चढ-उतार वाढत जातो, त्यामुळे मुंबईचे आकडे दांडीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ही बेरीज कप्प्या आणि दोरीने करणारे यंत्र 1870 च्या दशकात पुढे आणले. भारतीय बंदरांसाठी असे यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली 1879 मध्ये तयार झाले. त्या पितळी यंत्राचे काम आज विद्यार्थ्याचा लॅपटॉप क्षणात करतो. घाई मात्र इथेही चालत नाही. चंद्राचा आणि सूर्याचा मुख्य ताल वेगळा ओळखायला 15 दिवसांची सलग नोंद लागते, आणि चंद्र जवळ-दूर होण्यातून येणारा ताल वेगळा काढायला 28 दिवसांची.

या बेरजेतून भाकिताचा आलेख तयार झाला की पाऊणपटीच्या सूत्राची खरी परीक्षा होते. सूत्र रोज सारखेच पाऊल टाकते, समुद्र टाकत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती रोज 48 मिनिटांहून कमी सरकते, भांगाच्या सुमारास तासाहूनही जास्त. पावसाळी वाऱ्याने पाणी किनाऱ्याकडे लोटले जाते, आणि हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. या गोष्टी ना सूत्रात आहेत ना तालांच्या बेरजेत. म्हणून घरच्या आजाने सूत्रावरून काढलेली वेळ आणि प्रोग्रॅमने काढलेली वेळ शेजारी शेजारी मांडायची आणि तिसऱ्या रकान्यात खाडीने दाखवलेली. आजाचे सूत्र हे याच समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार झालेले एक प्रारूपच आहे, हे या तिसऱ्या रकान्यामुळे कळते.

घरच्या मासेमारीच्या धंद्याला या आलेखाचा उपयोग आहे. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. उधाणाला ओढ जोरात असते, भांगाला मंदावते. खाडीत पाणी भरले की बोट आत-बाहेर करता येते. हौसेलाही तो उपयोगी पडतो. ओहोटीने वाळू घट्ट पडली की किनाऱ्यावर क्रिकेट रंगते, आणि हिवाळ्यात चिखल उघडा पडला की चिखल्या पक्ष्यांचे थवे चरायला उतरतात. रविवारी खेळायला किती वाजता जमायचे, हेही आलेखच सांगतो.

पण या नोंदींची सर्वांत मोठी गरज वेगळीच आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र 1969 पासून याच किनाऱ्यावर उभे आहे. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली, आणि मच्छीमारांचा त्या बंदराला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. समुद्रात मोठे बांधकाम झाले की प्रवाह आणि गाळ यांच्या वाटा बदलू शकतात. खाडी किती बदलली हे सांगायचे तर ती आधी कशी होती याची नोंद हातात हवी, आणि ती नोंद नंतर कोणालाही करता येणार नाही. पालघर-बोईसर भागातल्या महाविद्यालयांनी संगणकशास्त्राचा प्रकल्प म्हणून अशी वही मान्य करावी आणि वर्ष संपल्यावर ती पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी.