खाणीत उतरलेले झारेकरी

दुकानाचा केर फेकायचा नसतो, हे आपल्या गलाईवाल्यांच्या घरातलं मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. विटा, खानापूर, आटपाडीकडची आपली माणसं दुष्काळाला कंटाळून मुलूखभर पांगली, त्यातली काही इथे दिल्लीत, करोल बागेत, बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत येऊन सोनं गाळू लागली. या गल्ल्यांत कारागिराच्या पायाखालची धूळसुद्धा पोत्यात भरून ठेवतात. मग झारेकरी ती धूळ जाळतो, धुतो, मुशीत घालतो, शेवटी तेजाबात टाकतो, आणि पोतंभर केरातून गहू-दोन गहू सोनं निघतं. त्याचं खरं कसब सोनं ओळखण्यात नसतं, ते तर कुणीही ओळखेल. लोखंडाचा कीस, राख, कोळसा, तांबं, काच, यातलं काय कुठल्या पायरीला वेगळं होतं हे त्याला ठाऊक असतं. केर ओळखता आला की सोनं आपोआप उरतं.

आता गोष्ट ऐका. ही अशा माणसांची आहे जी सोन्याच्या खाणीत दोन-तीन किलोमीटर खोल उतरली, वर्षानुवर्षं तिथे बसली, आणि सोन्याच्या कणालाही त्यांनी हात लावला नाही. त्यांना हवा होता न्यूट्रिनो नावाचा कण.

हा कण दुर्मिळ नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. तुमच्या अंगठ्याच्या नखातून या घटकेला, दर सेकंदाला, सूर्याकडून आलेले सहा हजार कोटींहून जास्त न्यूट्रिनो आरपार जातायत. रात्री झोपता तेव्हाही जातात. तेव्हा सूर्य पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतो, म्हणून ते खालून येतात, बारा हजार किलोमीटरहून जाड पृथ्वी भेदून, गादीतून, तुमच्यातून, छतातून वर आकाशात. पृथ्वी त्यांना अडवत नाही, कारण ते कशालाच सहसा शिवत नाहीत. कण भरमसाट आहेत, पण त्यातला एखादा कशावर तरी आदळून खूण सोडेल, हे दुर्मिळ आहे. 1930 साली वोल्फगांग पाउली या शास्त्रज्ञानं असा कण असावा असं कागदावर मांडलं, आणि तो प्रत्यक्ष सापडायला 1956 साल उजाडलं. अमेरिकेत फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीशेजारी यंत्र मांडून तो पकडला. पण तो माणसानं बांधलेल्या भट्टीतला न्यूट्रिनो होता. निसर्गानं आपणहून बनवलेला अजून कुणी पकडला नव्हता.

निसर्ग तो कुठे बनवतो? एक जागा आपल्या डोक्यावरच आहे. अवकाशातून प्रचंड वेगाचे कण सतत येतात, त्यांना विश्वकिरण म्हणतात. ते हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्या आदळण्यातून नव्या कणांचा सडा खाली पडतो. त्यात म्यूऑन असतात आणि न्यूट्रिनोही असतात. म्यूऑन जमिनीपर्यंत धडाधड पोचतात. अजमल खाँ रोडवर हात पसरून उभे राहिलात तर तळहातातून सेकंदाला एखादा म्यूऑन जातो. दिल्लीचं धुकं, छप्पर, भिंत, त्याला कशानंच फारसा फरक पडत नाही. म्हणजे इथे जमिनीवर न्यूट्रिनो शोधायला यंत्र मांडलं, तर त्यात म्यूऑनांचाच इतका केर साचेल की वर्षा-दोन वर्षांतून पडणारी न्यूट्रिनोची एखादी खूण त्यात बुडून जाईल. म्यूऑन थांबवायचा तर एकच उपाय, डोक्यावर जाडजूड खडक घेणं.

आपल्या देशात असा खडक होता कोलारला, कर्नाटकात. 1880 पासून इंग्रजांच्या जॉन टेलर कंपनीनं तिथे सोन्याच्या खाणी खणल्या. चॅम्पियन रीफ ही त्यातली खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती, जगातल्या सगळ्यात खोल खाणींमधली एक. एकावर एक चाळीस कुतुबमिनार उभे करा, तरी वरचा कळस जमिनीखालीच राहील. त्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो की हात टेकवत नाही. हवा दमट, आणि वरच्या खडकाच्या दाबानं मध्येच एखादी भिंत तोफेसारखा आवाज करत फुटते. अशा ठिकाणी पोटासाठी उतरणाऱ्या खाणकामगारांना माझा आधी नमस्कार. सोन्याच्या धंद्यातल्या माणसानं त्यांना विसरू नये.

होमी भाभांनी 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली, ती पुढे मुंबईला आली. तिथे 1948 साली बी. व्ही. श्रीकांतन नावाचा तरुण दाखल झाला. भाभांनी त्याला कोलारच्या खाणीत म्यूऑन मोजायला लावलं. किती खोलीवर किती म्यूऑन उरतात, एवढाच प्रश्न. 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत श्रीकांतन आपली मोजणी यंत्रं घेऊन खाणीच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर उतरत होते. त्या वेळी न्यूट्रिनो पकडायचं त्यांच्यातल्या कुणाच्या मनातही नव्हतं. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. ही माणसं दहा-बारा वर्षं केर मोजत होती. नीट, पायरीपायरीनं, खोलीमागून खोली.

पुढे जपानच्या ओसाका शहर विद्यापीठाचे मियाके त्यांना येऊन मिळाले. व्ही. एस. नरसिंहम, पी. व्ही. रमण मूर्ती होते. 1960 नंतर त्यांनी यंत्र आणखी खाली, पावणेतीन किलोमीटरवर नेलं आणि चालू केलं. एक आठवडा गेला, दोन गेले. एकही म्यूऑन आला नाही. दोन महिने यंत्र चालू होतं आणि नोंदवहीत शून्य. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, मेहनत पाण्यात गेली. पण या लोकांनी त्या शून्याचा अर्थ लावला. इथे म्यूऑनचा केर संपलाय, म्हणजे आता न्यूट्रिनोची खूण पडली तर ती दिसेल!

मग 1964 च्या अखेरीस काम सुरू झालं. मुंबईची संस्था, ओसाकाचे लोक आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाचे आर्नल्ड वुल्फेन्डेल आणि त्यांचे सहकारी. मुंबईच्या बाजूनं एम. जी. के. मेनन होते. जागा निवडली हीथकोट शाफ्टची, जमिनीखाली 2.3 किलोमीटर. कुणी विचारेल, आणखी खाली का नाही गेले? कारण खोली हे त्यांचं एकटंच हत्यार नव्हतं. दुसरं हत्यार होतं दिशा, आणि ते मला फार आवडतं.

विचार करा. एवढ्या खोलीवर जो काही चुकार म्यूऑन वरून पोचेल, तो सरळ उभ्या वाटेनंच पोचेल, कारण तीच वाट सगळ्यात आखूड आहे. तिरप्या वाटेनं आला तर त्याला कित्येक किलोमीटर जास्त खडक कापावा लागतो, आणि तो मध्येच संपतो. आडव्या दिशेनं तर पोचणं शक्यच नाही. तरीही यंत्राला आडवा जाणारा म्यूऑन दिसला, तर तो वरून आलेला असूच शकत नाही. तो तिथेच, शेजारच्या खडकात जन्मलेला असणार. आणि त्याला जन्म देणारा, मैलोन् मैल खडक बिनधोक पार करून आलेला, न्यूट्रिनोखेरीज दुसरा कोण?

म्हणून त्यांनी आपली यंत्रं आकाशाकडे तोंड करून ठेवली नाहीत. त्यांनी दोन भिंती उभ्या केल्या, समोरासमोर. प्रत्येक भिंत अशा खास प्लॅस्टिकच्या लाद्यांची, ज्यांच्यातून कण गेला की आत अगदी मंद प्रकाश चमकतो आणि नाजूक नळ्या तो टिपतात. खडकात युरेनियम, थोरियम असतंच, त्यांचे किरणही अशी चमक उठवतात. त्यांची गाळणी कशी करायची? दोन्ही भिंती एकाच क्षणी चमकल्या तरच नोंद घ्यायची. मध्ये शिशाचे थर, दुबळे किरण तिथेच अडावेत म्हणून. आणि निऑन वायूच्या नळ्यांच्या रांगा. खरा कण गेला की त्याच्या वाटेवरच्या नळ्या लालसर पेटायच्या आणि कॅमेरा त्या वाटेचा फोटो घ्यायचा. तो फोटो बघून कोन मोजायचा, उभा की आडवा.

या माणसांचा दिवस कसा जात असेल ते डोळ्यांपुढे आणा. खाणकामगारांबरोबर डोक्यावर टोप आणि दिवा घालून पिंजऱ्यात उभं राहायचं. उकाड्यात घामाघूम होऊन फिल्म बदलायची, वायू तपासायचा, विजेचा दाब बघायचा. वर आलं की फिल्म धुवायची. त्यावर उभी रेघ निघाली तर वहीत वेगळी नोंदायची. बहुतेक दिवस तेवढंही नाही, कारण त्या खोलीवर चौरस मीटरमागे दिवसाला एक म्यूऑनसुद्धा येत नाही. उद्या परत खाली.

1965 च्या पहिल्या सहामाहीत फिल्मवर आडव्या रेघा आल्या. त्यांनी लगेच आरोळी ठोकली नाही. यंत्र तपासलं, कोन तपासले, आणि मग लेख पाठवला. तो छापून आला 15 ऑगस्ट 1965 या तारखेच्या अंकात. इथे लाल किल्ल्यावर झेंडा चढत होता, त्याच दिवसाच्या तारखेनं जगाला कळलं की निसर्गानं हवेत बनवलेल्या न्यूट्रिनोची खूण हिंदुस्थानातल्या खाणीत सापडली आहे.

पण न्यायानं सांगायचं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेच राइन्स त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ ईस्ट रँड नावाच्या खाणीत बसले होते. तीही सोन्याचीच खाण, तीही तीन किलोमीटरहून खोल. त्यांच्या यंत्रात पहिली खूण 23 फेब्रुवारी 1965 ला पडली होती, म्हणजे कोलारच्या आधी. त्यांचा लेख आपल्या लेखानंतर पंधरवड्यानं छापला गेला. पकडण्यात ते पुढे, सांगण्यात आपण. दोघांचाही मान दोघांना द्यावा. राइन्सना 1995 साली नोबेल मिळालं, ते 1956 च्या शोधासाठी.

पुढच्या काही वर्षांत कोलारला सात यंत्रं बसली. सगळ्यांची मिळून कमाई किती? दीड डझनाच्या आसपास न्यूट्रिनो. वर्षानुवर्षांचं काम आणि हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे दाणे. पण त्यांच्या शेजारी काही विचित्र खुणाही निघाल्या. भिंतीजवळच्या हवेतल्या एकाच बिंदूतून दोन-तीन रेघा फुटलेल्या, जणू एखादा जड अनोळखी कण तिथे येऊन मोडला. 1975 साली त्या प्रसिद्ध केल्या, जगानं त्यांना कोलार इव्हेंट्स म्हटलं. मोठमोठ्या यंत्रांवर शोध झाला, तसा कण कुणाला मिळाला नाही, आणि त्या रेघांचा उलगडाही सगळ्यांना पटेल असा झालेला नाही. मला विचाराल तर अशा रेघा झाकून न ठेवता छापल्या, यातच त्या माणसांचा कस दिसतो.

त्यानंतर त्यांनी याहून अवघड गोष्ट हाती घेतली. प्रोटॉन कधी मोडतो का? तुम्ही, मी, ही मूस, सगळं प्रोटॉननं भरलेलं आहे. तो मोडलाच तर सरासरी एकावर एकतीस शून्यं एवढ्या वर्षांनी मोडेल असं तेव्हाचे काही सिद्धांत म्हणत होते. इतकी वर्षं कोण थांबणार? म्हणून एकाच प्रोटॉनपाशी न बसता तेवढेच प्रोटॉन एकदम गोळा करायचे. 1980 च्या सुमारास त्यांनी 2.3 किलोमीटर खोल 140 टन लोखंड नेलं, त्यात चौकोनी नळ्या सोळाशेच्या आसपास, आणि प्रत्येक नळी वायू भरून मोजणी यंत्र बनवली. ते यंत्र प्रोटॉनच्या मोडण्यासाठीच बांधलेल्या जगातल्या पहिल्या यंत्रांपैकी एक. काही घटना प्रोटॉन मोडल्यासारख्या दिसल्या, त्यांनी त्या मांडल्याही. पण त्याहून कितीतरी मोठ्या यंत्रांत, जपानच्या सुपर-कामिओकांडेच्या पन्नास हजार टन पाण्यातही, प्रोटॉन मोडताना दिसलेला नाही. त्याच पाण्यात मात्र 1998 साली कोलारचेच भाईबंद, हवेतले न्यूट्रिनो, वाटेत रूप बदलतात हे सिद्ध झालं. त्यावरून त्यांना वस्तुमान आहे हे कळलं.

तुम्ही विचाराल, यात आपल्यातलं, मराठी कुणी नव्हतं का? खाणीतल्या यंत्रापाशी होतं का ते मी सांगू शकत नाही, पण केर ओळखण्याच्या विद्येत एक फार मोठं नाव आहे, रोहिणी गोडबोले. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात शिकल्या, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिका, आणि परत येऊन मुंबई आणि बंगळुरूला काम. 1991 साली त्यांनी आणि मानुएल ड्रेस यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणारं नवं मोठं यंत्र बांधलं, तर त्यांच्या झोतांतून निघणारे प्रकाशकण आपसात आदळून पसारा करतील आणि हवी ती खूण झाकून टाकतील. यंत्र अजून कागदावर होतं, आणि या बाईंनी त्यात केर किती पडेल याचा हिशेब मांडून ठेवला. यंत्र आखणाऱ्यांना तो विचारात घ्यावा लागला. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. घरात मुलगी असेल त्यांनी हे नाव तिला सांगावंच.

कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. टनभर दगडामागे तीनेक ग्रॅम सोनं निघू लागलं, खर्च परवडेना. शास्त्रज्ञांना त्याआधीच, नव्वदीच्या सुरुवातीला आपलं काम आवरावं लागलं होतं. खाणीत पाणी भरलं. मग ठरलं की तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात, डोंगराखाली बोगदा खणून, पन्नास हजार टन लोखंडाचं यंत्र उभारायचं. 2015 च्या सुरुवातीला केंद्र सरकारनं मंजुरीही दिली. तिथल्या लोकांना जंगलाची, पाण्याची, डोंगराची काळजी वाटली, वाद कोर्टात गेला, काम अडलं. त्या लोकांची काळजी खोटी म्हणून उडवून लावू नये. त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून हे सगळं सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. आणि बोगदा व्हावा असंही वाटतं.

तोवर मदुराईला त्या यंत्राचं 85 टनांचं धाकटं रूप चालतंय. ते जमिनीवरच आहे, म्हणून त्यात म्यूऑनच म्यूऑन दिसतात. तिथली मुलं, तुमच्याहून थोडीच मोठी, रोज ते म्यूऑन मोजतात. कुठल्या कोनातून किती आले, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती.