घराचे मोल ठरवणाऱ्याची पात्रता

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा नगरपंचायतीच्या 17 जागांसाठी मतदान दोन टप्प्यांत झाले. ओबीसी आरक्षणाचा तिढा सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे काही जागांचे मतदान 21 डिसेंबर 2021 ला, तर उरलेल्यांचे 18 जानेवारी 2022 ला झाले. उमेदवाराला त्या वेळी बरेच काही सिद्ध करावे लागले. वय 21 पूर्ण हवे, मतदार यादीत नाव हवे, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेले नसावे, घरात शौचालय हवे, गुन्ह्यांचे आणि मालमत्तेचे शपथपत्र हवे. शिवाय नगरपंचायतीचे बिल मिळूनही देणे थकवलेले नसावे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाच्या कलम 16 मध्ये ही थकबाकीची अट आहे, आणि माझ्या मते ती या यादीतली सर्वांत न्याय्य अट आहे. जो इतरांवर कर बसवणार, त्याने आधी स्वतःचा भरावा.

पण कर बसवणे आणि घराचे मूल्य ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कराचा दर किती असावा, हे निवडून आलेली सभा ठरवते. तो राजकीय निर्णय आहे आणि त्यासाठी कुणाला परीक्षेला बसवण्याचे कारण नाही. अमक्याचे घर किती किमतीचे, हा मात्र मोजमापाचा प्रश्न आहे. तिथे माणसाला काम येते की नाही, एवढेच पाहायला हवे. आपल्या कायद्यांनी पात्रतेचा सगळा काच पहिल्या माणसाभोवती आवळला आणि दुसऱ्याला जवळजवळ मोकळे सोडले.

या भागाला घरांवरचा कर नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्या रहिवाशांकडून पांढरी नावाचा कर घेतला जाई. इंग्रजांनी तो 1867 च्या कायद्याने पुढे चालू ठेवला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रद्द केला. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्यप्रांतातून मध्यप्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1982 मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा झाला. राज्ये बदलली, कायदे बदलले, तरी कुणीतरी दारात उभे राहून घराकडे पाहून आकडा लिहायचा, ही रीत कायम राहिली.

पोंभुर्णा ग्रामपंचायत असताना हा आकडा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत लिहिला जाई. घाटकुळ, देवाडा खुर्द, चिंतलधाबा अशा तालुक्यातल्या गावांत तो आजही तसाच लिहिला जातो. (तलाठ्याचा 8-अ वेगळा, तो शेतजमिनीचा. या दोहोंच्या गोंधळात लोकांचे कितीतरी हेलपाटे होतात.) नोंदवही ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) तयार करतो. ग्रामसेवकाच्या भरतीला बारावीत 60 टक्के गुण, किंवा अभियांत्रिकी वा कृषी पदविका, किंवा समाजकार्याची पदवी चालत असे. मूल्यांकन हा विषय यात कुठेच सक्तीचा नव्हता. 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनी ग्रामपंचायतींना भांडवली मूल्यावर आकारणी करायला सांगितले. जमिनीचा वार्षिक दर, बांधकामाचा दर, घराच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भारांक लावून हिशेब करायचा. हे गणित अवघड नाही. पण ते नेमके यायला हवे, आणि ते शिकवण्याची जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट हवे.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचे शासनाने 2014 मध्ये ठरवले. पोंभुर्ण्याचे शहर झाले ते या लाटेत. एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती ही गावेही तशीच. गाव तेच राहिले, कायदा मात्र बदलला. 1965 च्या अधिनियमात करयोग्य मूल्याचा जुना पाया आहे वार्षिक भाडे: हे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करायचे, उरले ते करयोग्य मूल्य. नागपूरच्या धरमपेठेत हे सहज जमते. कुडाच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेल्या, मागे सांदवाडी आणि बाजूला गुरांचा कोठा असलेल्या घराचे भाडे कोण सांगणार? अशी घरे कुणी भाड्याने देत नाही. मग विभागवार चौरस फुटाचा दर ठरवून भाडे कल्पावे लागते. अर्धे कवेलू आणि अर्धे स्लॅबचे घर, गावठाणाबाहेर अतिक्रमणात धरलेले घर, घरकुल योजनेतले घर, समोरच्या खोलीत किराणा दुकान असलेले घर, या प्रत्येकाची प्रतवारी जागेवर उभे राहून करावी लागते. अवघड काम ते हेच. तिथे चूक झाली तर ती पुढची चार वर्षे बिलात छापून येत राहते, कारण आकारणी यादी चार वर्षांनी नवी होते. वर थकबाकीला दरमहा 2 टक्के शास्ती.

न्यायाने हेही सांगायला हवे की कायद्याने जाणकार माणूस ठेवलेला आहे. कलम 113 खाली प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी नेमला जातो. तो सहसा नगररचना विभागाचा, म्हणजे या विषयात शिकलेला असतो. पण तो जिल्ह्याच्या स्तरावरचा, आणि एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्यासारख्या कितीतरी लहान संस्था. फीत घेऊन दारात येतो तो कर विभागाचा कर्मचारी, किंवा सर्वेक्षणाचा ठेका घेतलेल्या संस्थेचा मुलगा. वरचा अधिकारी प्रमाणित करतो ते त्यांनी भरलेल्या कागदावरून.

या कर्मचाऱ्यांसाठी राज्याने संवर्ग केला आहे, कर निर्धारण व प्रशासकीय सेवा. नगरपरिषद राज्यसेवेच्या 2023 च्या जाहिरातीत 1782 पदे होती, त्यांपैकी सर्वांत जास्त, 579, या संवर्गाची. पात्रता होती कोणत्याही शाखेची पदवी आणि संगणकाचे प्रमाणपत्र. त्याच जाहिरातीत स्थापत्य अभियंत्याला स्थापत्याचे शिक्षण लागत होते, लेखापालाला वाणिज्याचे. कर निर्धारकाला मात्र इतिहास चालतो, वनस्पतीशास्त्र चालते. या शाखांची मुले हुशार नसतात असे मी म्हणत नाही. ती स्पर्धा परीक्षा पार करूनच येतात. माझा आक्षेप असा की नेमणुकीनंतर घर मोजायला पाठवण्यापूर्वी त्यांची या विषयाची परीक्षा घेणे अनिवार्य असायला हवे.

तुलना करून पाहा. कंपनीच्या जमीन-इमारतीचे मूल्य ठरवायला 2017 च्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांकक लागतो. त्याला स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी, काही वर्षांचा अनुभव, 50 तासांचे प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या टाउनशिपमध्ये असेसर, म्हणजे मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारी, लोकांतून निवडून येतो. पण उमेदवारी दाखल करण्याआधीच त्याच्याकडे मूल्यनिर्धारणाचे ठरावीक प्रमाणपत्र असावे लागते. कॅलिफोर्नियातही निवडून आलेल्या असेसरला राज्याच्या मंडळाचे प्रमाणपत्र लागते. तिथे लोकांचे मत आणि कामाचे ज्ञान एकाच माणसात मागितले जाते. आपल्याकडे ही दोन्ही वेगळ्या माणसांत आहेत, आणि ती व्यवस्था मला अधिक बरी वाटते. फक्त ज्याच्याकडून ज्ञान अपेक्षित आहे, त्याच्याकडून ते मागितले पाहिजे.

आपण उलटे करतो. महाराष्ट्रात 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सातवी पास असल्याशिवाय सरपंच होता येत नाही. हरियाणाची अशीच अट सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2015 च्या राजबाला निकालात वैध ठरवली. राजस्थानने आपली अट पुढे 2019 मध्ये काढून टाकली. भामरागडच्या जंगलातली एखादी बाई शाळा सुटली म्हणून गावाच्या कारभाराला अपात्र ठरते, आणि तिच्या घराचे मूल्य लिहिणाऱ्याला त्या कामाचे कसलेही प्रमाणपत्र लागत नाही, हा अन्याय आहे.

दबाव तर वाढणारच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराचे किमान दर आणि वाढती वसुली यांची अट जोडली. भाड्याची बाजारपेठच नसलेल्या गावाने वसुली वाढवायची, तर आकारणी तरी निर्दोष हवी. राज्याने तीन गोष्टी कराव्यात: कर निर्धारण संवर्गाला मूल्यांकनाची विभागीय परीक्षा सक्तीची करावी, ठेकेदाराच्या सर्वेक्षकालाही ती लावावी, आणि ग्रामपंचायतीत आकारणी करणाऱ्यांना तेच प्रशिक्षण द्यावे.

तोवर वाचकांना एक विनंती. चतुर्थ वार्षिक आकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी मुदत मिळते. तेवढ्यात नगरपंचायतीत जाऊन आपल्या घराची नोंद पाहा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, बांधल्याचे वर्ष. शेजारच्या तशाच घराच्या नोंदीशी ती ताडून पाहा. चूक दिसली तर हरकत लेखी द्या, तोंडी सांगून परत येऊ नका, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.